तेहतीस जहाजं आणि एक कागद: सप्टेंबर १८७१, अलास्काचा किनारा

प्रकरण काय आहे

१८७१ च्या सप्टेंबरमध्ये देवमाशांच्या शिकारीला गेलेला अमेरिकन जहाजांचा ताफा अलास्काच्या वायव्य किनाऱ्याला बर्फात अडकला. कप्तानांनी एकत्र बसून जहाजं सोडून द्यायचं ठरवलं. १,२१९ माणसं होड्यांतून दक्षिणेला निघाली आणि सगळी जिवंत पोचली. जहाजं ३३ गेली आणि मालासकट नुकसान सोळा लाख डॉलरच्या घरात गेलं.

ही हकिगत बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणून सांगतात. इथे ती निर्णयाचं प्रकरण म्हणून तपासली आहे: कोणती माहिती केव्हा हाती होती, कोणते पर्याय खरोखर आजमावले गेले आणि चूक नेमकी कुठे झाली. कप्तानांची नावं मुद्दाम गाळली आहेत. जहाजांची ठेवली आहेत, कारण त्या धंद्यात विमा, माल, हिस्सा सगळं जहाजाच्या नावानेच चाले.

पार्श्वभूमी

मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड हे या धंद्याचं मुख्य बंदर. १८५७ मध्ये तिथली ३२९ जहाजं शिकारीवर होती. त्यानंतर उतार लागला. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला खनिज तेलाची विहीर लागली आणि दिव्यासाठी देवमाशाच्या तेलाला स्वस्त पर्याय उभा राहिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात जुनी जहाजं दगडांनी भरून चार्ल्स्टनच्या बंदराच्या तोंडाशी बुडवली गेली. १८६५ च्या जूनमध्ये ‘शेनान्डोआ’ या दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या युद्धनौकेने बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरात वीसेक शिकारी जहाजं जाळली.

तरीही जहाजं उत्तरेला जात राहिली, ती बोहेड देवमाशासाठी. १८४८ मध्ये ‘सुपीरियर’ हे जहाज बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून गेलं आणि तिथली समृद्धी सगळ्यांना कळली. बोहेडची चरबी फूट-दीड फूट जाड असते. मोठ्या जनावरापासून शंभर पिंपं किंवा जास्तही तेल निघे (एक पिंप साडेएकतीस गॅलनचं, म्हणजे सुमारे १२० लिटर). पण तेलाचा भाव पडू लागल्यावर खरी कमाई जबड्यात होती. बोहेडला दात नसतात. वरच्या जबड्यातून बलीनच्या लांब पट्ट्या लोंबतात आणि त्यांतून तो पाणी गाळून खातो. बाजारात याला ‘देवमाशाचं हाड’ म्हणत, पण ते हाड नव्हे; आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचं ते असतं. ऊब दिली की वाकतं, गार झालं की तोच आकार धरतं. कॉर्सेटच्या कांबी, छत्रीच्या काड्या, चाबकाच्या मुठी या सगळ्याला ते लागे. पोलादी पट्टी स्वस्त होईपर्यंत त्याला तोड नव्हती.

एका जहाजामागे गावातले किती हात गुंतलेले असत, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा निर्णय किती अवघड होता ते समजत नाही. शिडं शिवणारे, दोर वळणारे, डोलकाठ्या तासणारे, हार्पून घडवणारे लोहार आणि पिंपं बांधणारे. दोर ताणला की ज्याचं टोक आत आडवं होऊन रुततं ते हार्पून न्यू बेडफर्डच्या लुइस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराने १८४८ मध्ये बनवलं. त्याने पेटंट घेतलं नाही आणि शेजारच्या सगळ्या भट्ट्यांनी ते उचललं. पिंपवाला तर जहाजावरच असे. निघताना पिंपांच्या फळ्या सुट्या, जुड्या बांधून नेत, म्हणजे जागा कमी लागे. तेल मिळेल तशी तो पिंपं उभी करी. रिकामं पिंप सुकलं तर सांधे सुटून तेल गळतं, म्हणून त्यांत पाणी भरून ठेवत. हा माणूस चुकला तर वर्षभराची कमाई तळघरात वाहून जाई.

पगार कुणालाच नव्हता. सगळ्यांना निव्वळ कमाईत वाटा मिळे: कप्तानाला साधारण बारावा ते अठरावा, नवख्या खलाशाला पावणेदोनशेवा किंवा दोनशेवा. कपडे आणि सामान पुरवणारा दुकानदार आगाऊ उचल देई आणि ती व्याजासकट आधी कापून घेई. म्हणजे रिकामं जहाज परतलं तर खलाशी देणेकरी होऊनच उतरे. जहाजही एका मालकाचं नसे. त्याचे बत्तीस किंवा चौसष्ट हिस्से करून विधवा, वकील, दुकानदार असे कुणीही ते घेत. कप्तानाच्या मागे ही सगळी मंडळी अदृश्यपणे उभी असत.

अडचण कशी तयार झाली

त्या मोसमात उत्तरेला चाळीसच्या आसपास जहाजं होती. बरीच न्यू बेडफर्डची, काही होनोलुलूची. खलाशांत हवाईचे, अझोर्सचे, केप वर्दचे लोक होते, आणि काही कप्तानांची बायकामुलंही बरोबर होती.

किनाऱ्याची रचना अशी की जमीन सखल, पाणी लांबवर उथळ, आणि पलीकडे तरत्या बर्फाची अफाट थाळी. ईशान्येचा किंवा पूर्वेचा वारा लागला की थाळी किनाऱ्यापासून दूर सरते आणि मध्ये पाण्याची पट्टी उघडते. जहाजं या पट्टीतून वर जात. वारा पश्चिमेला फिरला की थाळी परत येते. बर्फाचे मोठे तुकडे उथळ पाण्यात तळाला टेकतात, त्यांची भिंत बनते, आणि जमीन व भिंत यांच्यामध्ये जहाज सापडतं. मोसमाचं गणितही उलटं होतं. पूर्वेला गेलेले बोहेड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत पश्चिमेला येऊ लागतात. थांबण्याचा सर्वांत मोठा फायदा ज्या दिवसांत असे, त्याच दिवसांत धोकाही सर्वांत मोठा असे.

जुलैच्या अखेरीस पट्टी उघडली आणि जहाजं किनाऱ्यावरच्या वेनराइटच्या आसपास शिरली. ११ ऑगस्टला वारा फिरून बर्फ आत आला. शिकारीवर गेलेल्या होड्या बर्फावरून ओढत परत आणाव्या लागल्या. जहाजं किनाऱ्याकडे रेटली गेली आणि कित्येकांखाली जेमतेम दोन ते चार वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाणी उरलं. २५ ऑगस्टला ईशान्येचं जोरदार वारं सुटलं, बर्फ काही मैल मागे गेला, वाट मोकळी झाली.

पहिला निर्णय: २५ ऑगस्ट

आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच. जहाजं सोडण्याचा कागद लिहिला तो १२ सप्टेंबर त्यानंतरचा.

किनाऱ्यावरच्या इनुपियात लोकांनी कप्तानांना बजावलं की आता निघा, बर्फ पुन्हा आला तर यंदा उघडणार नाही. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच बर्फाच्या कडेवर उभी राहून बोहेड मारत आलेली. त्यांचा सल्ला ऐकीव नव्हता. कप्तानांचा अनुभवही खोटा नव्हता. आधीच्या मोसमांत या सुमाराला ईशान्येचा वारा येई आणि बर्फ हटे. दोन अनुभव समोरासमोर आले. एकीकडे वीसेक वर्षांच्या उन्हाळी फेऱ्या, दुसरीकडे बारमाही मुक्काम. कप्तानांनी पहिला निवडला आणि होड्या पुन्हा शिकारीला सोडल्या.

यात नुसता हट्ट नव्हता, व्यवस्थाही होती. एकट्याने निघून जाणारा कप्तान अर्धं भरलेलं जहाज घेऊन परत जाणार, आणि मागे राहिलेल्यांना चांगली शिकार मिळाली तर मालकांना उत्तर त्याला द्यावं लागणार. सगळे थांबले आणि सगळेच अडकले तर दोष कुणा एकाचा नाही. शिवाय बुडालेल्या जहाजाला विमा होता. भीतीने सोडलेल्या मोसमाला नव्हता.

२९ ऑगस्टला वारा पुन्हा फिरला आणि बर्फ आला, तो गेलाच नाही. २ सप्टेंबरला ‘कॉमेट’ चिरडलं. ७ तारखेला ‘रोमन’ दोन प्रचंड तुकड्यांमध्ये सापडून पाऊण तासात संपलं. ८ तारखेला ‘ऑशाँक्स’. प्रत्येक वेळी माणसं बर्फावर उतरून शेजारच्या जहाजावर गेली. मोकळं पाणी काही ठिकाणी इतकं अरुंद झालं होतं की जहाजाला वळायलाही जागा नव्हती, आणि रात्री त्यावर नवा बर्फ धरू लागला होता.

पर्याय

९ सप्टेंबरच्या आसपास कप्तान एकत्र जमले. चार वाटा होत्या.

पहिली, वाऱ्याची वाट पाहणं. हा पर्याय फुकट वाटतो, पण त्याला मुदत असते. नवा बर्फ होडी चालवू देण्याइतका पातळ आहे तोवरच बाकीचे पर्याय जिवंत होते. तो जाड झाला की होडी पाण्यात चालत नाही आणि बर्फ माणसाला पेलतही नाही. या अवस्थेत काही आठवडे हालचाल अशक्य होते. म्हणजे वाट पाहताना हातातले इतर पर्याय रोज थोडे थोडे खर्च होत होते.

दुसरी, जहाजांवर हिवाळा काढणं. इथे हिशेब सरळ होता आणि तो त्यांनी मांडला. शिधा तीन महिन्यांहून जास्त नाही. बर्फ पुढच्या जून-जुलैआधी सुटणार नाही, म्हणजे नऊ-दहा महिने. किनाऱ्यावर झाड नाही, त्यामुळे सरपण नाही. बाराशे माणसांना पुरेल अशी शिकार नाही. स्थानिक लोकांवर इतकी तोंडं लादणं म्हणजे दोघांचंही मरण. त्यातून याच ताफ्यातली जहाजं मोसमाच्या सुरुवातीला, बोहेड नसताना, तेलासाठी वॉलरस मारत होती, आणि वॉलरस हे किनाऱ्यावरच्या लोकांचं हिवाळ्याचं अन्न. ही बाजू कप्तानांच्या कागदात येत नाही, पण ती खरी आहे.

तिसरी, एखादं लहान जहाज हलकं करून वेनराइटच्या खाडीतून किंवा किनाऱ्याकडेने बाहेर काढणं, म्हणजे दक्षिणेकडच्या जहाजांना गाठता येईल.

चौथी, जहाजं सोडून होड्यांतून दक्षिणेला जाणं. दक्षिणेला कुणी आहे का आणि ते थांबेल का, हे दोन्ही प्रश्न तेव्हा उघडे होते.

काय केलं

इथे कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. मत मांडून भांडण्याऐवजी जे तपासता येईल ते त्यांनी तपासलं.

‘कोहोला’ हे लहान जहाज रिकामं केलं. माल आणि सामान उतरल्यावरही त्याला नऊ फूट पाणी लागत होतं, आणि खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या बांधावर होतं पाच-सहा फूट. प्रयत्न फसला. ‘व्हिक्टोरिया’चाही निभाव लागला नाही. तिसरी वाट अशी मोजून बंद झाली.

त्याच वेळी ‘फ्लोरिडा’चा कप्तान तीन होड्या घेऊन किनाऱ्याकडेने दक्षिणेला गेला. १२ तारखेला तो परतला. ब्लॉसम शोल्स या उथळ भागाच्या दक्षिणेला, बर्फाच्या कडेपासून पाच-सहा मैलांवर, ‘आर्क्टिक’ आणि आणखी एक जहाज मोकळ्या पाण्यात होतं. पाच जहाजं तिथेच बर्फात होती, पण सुटतील अशी चिन्हं होती. ‘प्रोग्रेस’च्या कप्तानाने निरोप दिला होता की नांगर किंवा शिड पेलायला काठी उरली आहे तोवर मी थांबेन. लक्षात घ्यावं की हा होकार मिळाला तेव्हा सातही जहाजं पूर्ण सुटलेली नव्हती. म्हणजे खात्री नव्हती, पण आता अंदाजही नव्हता.

त्याच दिवशी दोन कागद लिहिले गेले. पहिल्यात, जहाजं यंदा निघू शकत नाहीत, आसरा घ्यायला बंदर नाही, शिधा तीन महिन्यांपलीकडे पुरत नाही, प्रदेशात अन्न नाही आणि इंधनही नाही, म्हणून नाइलाजाने जहाजं सोडत आहोत, असं क्रमाने मांडून सगळ्यांनी सह्या केल्या. दुसरा दक्षिणेच्या कप्तानांना होता: तुमची शिकार सोडा, मालकांचं नुकसान सोसा आणि आम्हाला घ्या.

पहिला कागद भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. समोर बर्फ नसलेला वाचकही त्यात गृहीत धरलेला आहे, म्हणजे मालक आणि विमा कंपनी. वेगवेगळ्या कप्तानांनी वेगवेगळ्या दिवशी जहाज सोडलं असतं तर प्रत्येकाला ‘शेजारचा थांबला होता, तू का निघालास?’ हा प्रश्न आला असता. एकत्र सहीने तो प्रश्नच संपला. २५ ऑगस्टला ज्या सामूहिकपणाने सगळ्यांना थांबवलं, त्याच सामूहिकपणाने १२ सप्टेंबरला सगळ्यांना सोडवलं.

होड्यांची तयारी हा या प्रकरणातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. शिकारी होडी २८ ते ३० फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती, पातळ देवदारी फळ्यांची आणि सहा माणसांची असे. हलकी असल्याने लाटेवर उत्तम, पण बर्फापुढे कागद. नव्या बर्फाची धार फळी करवतीसारखी कापते. म्हणून नाळेवर तांब्याचा पत्रा ठोकला. भार वाढल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून कडा फळ्या लावून उंच केल्या. एरवी प्रवासी जहाजावर माणसं जास्त आणि होड्या कमी असतात. इथे उलट होतं. होडी हेच धंद्याचं हत्यार, त्यामुळे दर जहाजावर टांगलेल्या चार-पाच आणि वर राखीव. जहाजामागे सरासरी ३७ माणसं. सगळी बसूनही बिस्किटं, खारवलेलं मांस, घोंगड्या एवढ्याला जागा राहिली. बलीनला आणि कातड्यांना नाही. मोसमाची सगळी कमाई मागे राहणार होती, आणि वाट्यावर राबलेल्या खलाशाच्या दृष्टीने तो त्याचा पगारच होता.

१४ सप्टेंबरला डोलकाठ्यांवर निशाणं चढवून माणसं उतरली. सर्वांत उत्तरेच्या जहाजांना सुमारे सत्तर मैल जायचं होतं. किनारा आणि टेकलेला बर्फ यांच्यामधलं पाणी शांत होतं. रात्री वाळूवर उलट्या केलेल्या होड्या आणि शिडं यांचा आडोसा केला. खरा धोका शेवटच्या टप्प्यात आला. आयसी केप या भूशिराच्या पुढे बर्फाची भिंत संपली आणि उघड्या समुद्राची लाट लागली. भरलेल्या होड्यांत पाणी येऊ लागलं, उपसत उपसत त्या जहाजांना लागल्या. १६ तारखेपर्यंत सगळी माणसं सात जहाजांवर होती:

‘युरोपा’ २८०, ‘आर्क्टिक’ २५०, ‘प्रोग्रेस’ २२१, ‘लगोडा’ १९५, ‘डॅनियल वेबस्टर’ ११३, ‘मायडस’ १००, ‘चान्स’ ६०.

हे आकडे जहाजाच्या स्वतःच्या खलाशांखेरीज. ‘लगोडा’ सुमारे १०८ फूट लांब, एरवी तीसेक माणसांचं. जागा करायला सातही जहाजांनी अवजारं टाकून दिली आणि मोसम सोडला. पहिलं जहाज होनोलुलूला ऑक्टोबरच्या अखेरीस लागलं, शेवटचं नोव्हेंबरात.

निकाल

जीवितहानी शून्य. न्यू बेडफर्डची २२ जहाजं गेली आणि त्या गावाचं नुकसान दहा लाख डॉलरच्या वर होतं. वाचवणाऱ्या सात जहाजांचाही मोसम बुडाला. त्यांना सरकारी भरपाई मिळायला सुमारे वीस वर्षं लागली.

एक माणूस मात्र मागे राहिला होता. बलीन वाचवून श्रीमंत व्हायचा त्याचा बेत होता. तो हिवाळा काढून जगला, पण माल त्याच्या हाती राहिला नाही. त्याच्याकडून कळलं की माणसं गेल्यावर दोनेक आठवड्यांत ईशान्येचं मोठं वादळ आलं आणि बर्फ हलला. कप्तान ज्या वाऱ्याची वाट पाहत होते तोच हा. पुढे कित्येकांनी यावरून त्यांना दोष दिला. तो हिशेब अर्धवट आहे. बर्फ हलताना जहाजंही त्याच्यासोबत ओढली गेली, काही चिरडली, काही किनाऱ्यावर फेकली गेली. माणसं वर असती तर किती वाचली असती हे त्या वाऱ्यावरून ठरत नाही. १८७२ मध्ये एकच मोठं जहाज, ‘मिनर्व्हा’, धड सापडलं आणि घरी आणलं गेलं.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी वेनराइटजवळ तीस मैलांच्या पट्ट्यात शोध घेतला. त्यांना दोन जहाजांचे तळ, नांगर, तळाचं वजन आणि चरबी कढवण्याच्या भट्ट्यांचे अवशेष मिळाले.

पाच वर्षांनी तोच प्रश्न

१८७६ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला, पॉइंट बॅरोजवळ, बारा जहाजं अडकली. या वेळी बर्फ त्यांना घेऊन उत्तरेला वाहत चालला होता. बहुतेकांनी बर्फावरून चालत किनारा गाठला. पन्नासच्या आसपास माणसं जहाजांवर राहिली. ती पुन्हा दिसली नाहीत. ‘मिनर्व्हा’ची गोष्ट तोवर सगळ्यांना ठाऊक होती. सोडलेलं जहाज हिवाळा तगू शकतं आणि जो त्यावर असेल त्याला माल मिळतो, हा धडा काहींनी तिच्यातून घेतला असावा. १८७१ चा कागद मात्र सर्वांचा होता. १८७६ मध्ये प्रत्येकाला आपापलं ठरवू दिलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, निघण्याची तारीख बंदरातच ठरवायला हवी होती. ‘२० ऑगस्टनंतर पहिल्यांदा वाट उघडली की सगळे दक्षिणेला’ असा एक ओळीचा करार मालकांनी आधी केला असता, तर २५ तारखेला एकट्या कप्तानावर भार आला नसता. मालकांना तो नको होता, कारण शेवटचे आठवडे सर्वांत कमाईचे.

दुसरं, टेहळणी उशिरा झाली. होड्या दक्षिणेला पाठवण्याचं काम २ सप्टेंबरला, ‘कॉमेट’ चिरडल्याच्या दिवशीच, व्हायला हवं होतं. आठवडाभर आधी दक्षिणेची जहाजं मोकळी होती की नाही हे कळलं असतं, शिधा वाटेवर पुढे नेऊन ठेवता आला असता, आणि शेवटची निघण्याची घाई टळली असती. प्रत्यक्षात टेहळणी झाली तोवर तीन जहाजं गेली होती आणि त्यांची माणसं इतरांच्या शिध्यावर होती.

तिसरं, शिधा. तीन महिन्यांचा साठा हा नजरचुकीचा प्रकार नव्हता. हिवाळ्याआधी होनोलुलू किंवा सॅन फ्रान्सिस्कोला परतून पुन्हा भरायचं, हीच रीत होती. तळघरातली जागा धान्याने अडवली तर तेलाला कमी पडते. त्यामुळे एकेका जहाजावर जादा साठा ठेवणं कुणाला परवडत नव्हतं. किनाऱ्यावर सर्वांचा मिळून एक साठा हाच उपाय होता.

तो साठा अठरा वर्षांनी झाला. १८८९ मध्ये सरकारने पॉइंट बॅरोला अडकलेल्या खलाशांसाठी आसऱ्याचं ठाणं बांधलं. १८९६ मध्ये ते बंद केलं. १८९७ च्या शरदात आठ जहाजं त्याच किनाऱ्याला बर्फात अडकली, आणि त्यांच्यासाठी भर हिवाळ्यात चारशेच्या आसपास रेनडियर हाकत न्यावे लागले. ते मार्च १८९८ च्या अखेरीस बॅरोला पोचले.